बैलगाडीच्या आऱ्याचा दांडा

आमच्या ह्यांच्या हातोड्याचा दांडा मोडला तो शेजारणीच्या दारात. तिचं जाळीचं लोखंडी दार बिजागरीत अडकून बसलं होतं. ती म्हणाली, "भाऊ, जरा ठोका की तेवढं." ह्यांनी हातोडा आणला, ठोकला, आणि बघता बघता हातात नुसता दांडा राहिला. लोखंडी डोकं ठणाठणा आपटत जिना उतरून गेलं. ते आणायला मी खाली पळाले. वर आले तर हे अजून तसेच उभे, हातातल्या लाकडाकडे बघत. शेजारीण बिचारी म्हणत होती, "राहू द्या हो, वेल्डरला बोलावते." हे तिच्याकडे न बघताच वळले. घरात येऊन दोन्ही तुकडे खिडकीत ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

एका दांड्यानं एवढं काय होतं, असं कोणालाही वाटेल. पण त्या हातोड्यावर आमच्या घरात तेव्हा बरंच काही टांगलेलं होतं.

हे पत्र्याचे कारागीर. हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात सगळी नोकरी झाली. यंत्रातून दाबून आलेला पत्रा कुठे खोलगट, कुठे फुगलेला असायचा, तो हातानं ठोकून सरळ करायचा, हे त्यांचं काम. पत्र्याच्या खाली लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा धरायचा आणि वरून हातोडा. जोर लावायचा नाही बरं का. टक् टक् टक्, भजनातला टाळ कसा एका लयीत चालतो तसं. मला हे कुठून ठाऊक, तर जेवताना ऐकून. आमच्याकडे पानावर बसलं की कारखानाच वाढलेला असायचा. भाजी अळणी आहे हे कधी त्यांच्या लक्षात आलं नाही, पण पत्रा बोलतो कसा हे रोज सांगायचे. खाली ठोकळा नीट टेकला असेल तर आवाज खणखणीत येतो, मधे पोकळी राहिली तर बसका येतो. डोळे फसतात, ठोकायचं ते कानानं. दांड्याचंही तेच. दांड्याला आतून चीर गेली की हातोड्याचा आवाज पालटतो. "चांगला कारागीर दांडा मोडेपर्यंत थांबतच नाही," म्हणायचे, "त्याला आधी ऐकू येतं."

हे मी इतक्यांदा ऐकलेलं, आणि तरी त्या दिवशी जिन्यात माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

तर, कारखान्यात परदेशी भागीदार आला आणि नवी यंत्रं आली. त्यातून म्हणे पत्रा सरळच बाहेर पडायचा. मग ठोकणाऱ्यांचं काय काम. स्वेच्छानिवृत्ती असं नाव होतं त्याला; त्यात इच्छा कोणाची, हे कोणी कोणाला विचारलं नाही. निरोपाला हार घातला आणि नारळ दिला, अगदी खराखुरा, शेंडीचा. हे एका हातात नारळ आणि एका हातात हातोडा घेऊन घरी आले. हातोडा कंपनीचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. उमेदवारीच्या दिवसांत त्यांच्या उस्तादांनी दिलेला. त्याचं तोंड असं चकचकीत, की मुलगी लहान असताना त्यात नाक बघायची.

त्या वर्षांत आमच्या बिबवेवाडीत घरोघरी असे पुरुष बसलेले होते. एका बाजूला गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर क्लासची पाटी लागलेली, आमची मुलगीही तिथे जायची, आणि दुसऱ्या बाजूला हे हात धडधाकट असलेले बाप. मागच्या बिल्डिंगमधले एकजण रोज डबा घेऊन वेळेवर निघायचे, सारसबागेत बसून डबा खायचे आणि वेळेवर परत यायचे. त्यांच्या बायकोनंच मला सांगितलं. आधी हसत हसत सांगितलं, मग रडली.

ह्यांनी तसं काही केलं नाही. हे घरातच असायचे. टीव्ही मोठ्यानं लावून समोर बसायचे. मुलगी म्हणायची, "बाबा, व्हॉल्यूम प्लीज. खालच्या मजल्यावर बातम्या ऐकू जातात." हे ढिम्म. मी हाक मारली तर चार हाकांना एक ओ. बेल वाजली तरी उठायचे नाहीत. मी म्हणे, माणूस रुसलाय. आयुष्यभर मान दिला त्या जागेनं उचलून बाहेर ठेवला, रुसेल नाही तर काय करेल. रुसव्याला मी औषध शोधत होते, आणि ते औषध एक दिवस आपल्या पायांनी चालत आमच्या घरी आलं.

ह्यांचे एक मित्र होते, त्याच खात्यातले, ह्यांच्याबरोबरच नारळ घेऊन बाहेर पडलेले. त्यांनी अप्पर बिबवेवाडीला पत्र्याची शेड घातली होती, गाड्यांचे पोचे काढायची. नव्या नव्या मोटारी आलेल्या रस्त्यावर, आणि चालवायला शिकायच्या आधी घेतलेल्या, तेव्हा धंदा बरा होता. ते येऊन म्हणाले, "दसऱ्यापासून ये. हातोडा तुझा, चहा माझा. माझ्याकडची पोरं पत्रा ठोकत नाहीत रे, बडवतात."

हे म्हणाले, "येतो." एवढंच, पण म्हणाले. मी दोघांच्या चहात जास्तीची साखर घातली.

आणि त्यानंतर हा दांडा मोडला.

मला वाटलं, दांडाच तो. मी बसनं थेट बोहरी आळीत गेले. पावसाळ्याच्या शेवटाला तिथे दुकानांच्या बाहेर दांडे उसासारखे उभे करून ठेवलेले असतात, कुदळीचे, फावड्याचे, हातोड्याचे. एक चांगला गुळगुळीत, पिवळसर बघून आणला. ह्यांनी तो उभा धरला, एक डोळा मिटून बघितला आणि परत दिला. "रेषा आडव्या गेल्यात. महिन्यात मोडेल."

"महिनाभर तर चालेल ना," मी म्हटलं.

हे टीव्हीकडे वळले.

मित्र म्हणाले, माझ्याकडचा हातोडा घे. तर म्हणे, दुसऱ्याचा हाताला बसत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, नवीनच घ्या ना अख्खा, त्यात काय इश्यू आहे?" ह्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं तिनं नवीन आई आणा म्हटलं. मग म्हणाले, बाभळीचा पाहिजे. जुन्या, सुकलेल्या बाभळीचा. ओली बाभूळ बसवली की सुकल्यावर आक्रसते, आणि डोकं सुटून कोणाच्या तरी कपाळात जातं.

पुण्यात सुकलेली बाभूळ कुठे मिळते हो? सिमेंट कुठेही मिळतं.

नवरात्र बसलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ह्यांचा हातोडा, माझी विळी, शिवणाची कात्री, आणि त्या वर्षी मुलगी म्हणत होती क्लासची फ्लॉपी ठेवू का. पण मोडकं हत्यार पाटावर ठेवायचं नाही, ही सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत. हे म्हणाले, "यंदा हातोडा नको ठेवायला." अगदी सहज म्हणाले. मला मात्र त्या सारसबागेतल्या डब्याची आठवण झाली. मला दिसायला लागलं, की दसरा असाच जाईल, मग दिवाळीनंतर बघू होईल, मग मित्र विचारायचा थांबेल. मग हा माणूस त्या खुर्चीतून उठणार नाही.

माझा भाऊ मांजरी गावाला. त्याला निरोप धाडला, सुकलेली बाभूळ आहे का. त्याचा उलटा निरोप, या की, बाभळीची अख्खी गाडी हाय.

गेलो दोघं. भावानं रस्त्याकडेचं रान प्लॉटिंगवाल्याला दिलेलं होतं. उसाच्या जागी चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. बैल आदल्या वर्षीच विकले होते. बैलगाडी गोठ्याच्या मागे पडून होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या.

"दाजी, कुठला आरा पाहिजे तो घ्या," भाऊ म्हणाला. "माझ्या बापानं करून घेतलेली गाडी हाय. लाकूड नाय, लोखंडच म्हना."

चाकाचा एक आरा त्यांनी दोघांनी मिळून काढला. ह्यांनी तो उन्हात धरला. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ, केसांसारख्या. बऱ्याच दिवसांनी ह्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मी मनात मांजरीच्या म्हसोबाला नारळ बोलले.

आता राहिलं काय, तर बरोबर आणलेल्या हातोड्याच्या भोकात अडकलेला जुन्या दांड्याचा खुंट काढायचा. हे पायरीवर बसून खिळ्यानं तो थोडा थोडा टोकरत होते. लोखंडी पाचर मारलेली, ती काही हलेना. माझा भाऊ शेतकरी माणूस, त्याला एवढा धीर कुठला. त्यानं डोकं ह्यांच्या हातातून घेतलं, "असं रातभर टोकरत बसाल दाजी, आमी कुदळीचं काय करतो बघा," असं म्हणत परसातल्या चुलीपाशी गेला आणि पाण्याच्या हंड्याखालच्या निखाऱ्यात ते डोकं खुपसलं. लाकूड जळून जातं, भोक मोकळं होतं. कुदळीला चालतं ते. कुदळीचं पाणी उतरलं तरी लोहार दर साली शेवटून, म्हणजे टोक ठोकून नवं करून, देतोच.

पाणी म्हणजे प्यायचं नव्हे. पोलादाला तापवून बुडवून जो कडकपणा देतात त्याला पाणी म्हणतात. हेही पानावरच ऐकलेलं. पत्र्याच्या हातोड्याचं तोंड त्या पाण्यावरच चकचकीत राहतं. जाळात घातलं की आधी पिवळं पडतं, मग तांबूस, मग जांभळं, मग निळं. निळ्याच्या पुढे गेलं की संपलं. तोंड मऊ पडतं, चार ठोक्यांत खड्डे पडतात, आणि ते खड्डे मग पत्र्यावर उमटतात.

मी धावत चुलीपाशी गेले. हे माझ्या आधी पोचले होते. चिमटा हंड्याला टेकवलेला, हाताच्या अंतरावर. तोंड पिवळं झालेलं मला दिसलं.

"अहो, काढा की ते."

हे बघत उभे.

मला वाटलं ऐकलं नाही. जवळ जाऊन दंडाला धरून म्हटलं, "अहो, पाणी उतरेल त्याचं."

"राहू दे," म्हणाले.

"राहू दे काय?"

"राहू दे गं. जळू दे."

जांभळं झालं, निळं झालं. मग निळंही गेलं आणि ते निखाऱ्यात निखाऱ्यासारखं दिसायला लागलं. ज्या माणसानं मला हे रंग शिकवले, तो माणूस हात मागे बांधून ते रंग जाताना बघत होता. माझ्या भावाला काहीच ठाऊक नाही, तो चिमट्यानं डोकं बाहेर काढून हसत म्हणतोय, "झालं का न्हाई मोकळं?" हे म्हणाले, "झालं. उपकार झाले." आणि ते टोचून नव्हतं म्हटलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

परतीच्या बसमध्ये मी डोक्याची पिशवी मांडीवर धरून बसले. म्हटलं असतं तरी काय म्हणणार. चूक झाली असती तर भांडता आलं असतं.

पुढचे दोन-तीन दिवस मात्र मी कधी बघितला नव्हता असा माणूस घरात होता. सकाळी उठून गॅलरीत पोतं टाकून बसायचे. आरा रंध्यानं उतरवला, मग फुटक्या काचेच्या कडेनं खरवडला. काच धरून ओढली की लाकडाचा पापुद्रा निघतो, कांद्याच्या सालीसारखा. थोडं खरवडायचं, मूठ मिटून बघायची, परत थोडं. हात थरथरत नव्हते, नजर चांगली होती. मग अळशीचं तेल पाजलं. डोक्यात दांडा बसवला, वरून बाभळीचीच पाचर मारली, बाहेर राहिलेलं कापून सपाट केलं. निळं-काळं पडलेलं तोंड पॉलिश पेपरनं घासून पुन्हा चकचकीत केलं. बघणाऱ्याला कळलं नसतं. मी बघत होते आणि मला कळत होतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. एवढा देखणा दांडा, आणि तो अशा हातोड्याला, जो आता गूळ फोडायच्या लायकीचा.

खंडेनवमीला हातोडा पाटावर ठेवला. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल दांड्याला बांधलं. मुलीनं तिची फ्लॉपी ठेवलीच. आणि मित्र आले, पेढे घेऊन.

"अरे वा," ते म्हणाले, "दांडा आहे की सनई." पाटाला नमस्कार करून त्यांनी हातोडा उचलला, हातात तोलला. "बाभूळ? झक्कास. मग उद्या मुहूर्त. नऊला ये."

हे म्हणाले, "पाणी उतरलंय त्याचं."

मित्रानं तोंडावर नख फिरवलं, खिशातली किल्ली काढून कोपऱ्यावर ओढली. ओरखडा उठला. "हे कुणी केलं?"

"मेव्हण्यानं. चुलीत."

"आणि तू काय आरती म्हणत होतास?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काही बिघडत नाही वहिनी. शेडमध्ये गॅस आहे. तापवू, तेलात बुडवू, पाणी परत देऊ. उद्या सकाळचं काम." आणि ह्यांच्याकडे बघून, "आता अजून काय राहिलंय? हत्यार झालं, दांडा झाला. नवरदेवासारखा हार घालून नेऊ का तुला?"

मी हसले. माझ्याबरोबर मुलगीही हसली. हे आमच्या तोंडांकडे बघत राहिले, आळीपाळीनं, काय झालं हे शोधल्यासारखे.

मग म्हणाले, "मला पत्रा ऐकू येत नाही."

मित्रानं हातोडा परत पाटावर ठेवला.

"शेवटच्या दोन वर्षांत कमी कमी होत गेला. डाव्या कानानं तर काहीच नाही. तिथे आपली रोजची कामं होती, हाताला पाठ होती, निभावलं. तुझ्याकडे रोज नवी गाडी येणार, नवा पत्रा. मी ठोकेन आणि तुझी पोरं बघतील की म्हातारा बडवतोय." मग खिडकीकडे बोट केलं, जिथे दांड्याचा मोडका तुकडा अजून पडलेला होता. "तो चिरला होता, तो सांगत असणार. मला ऐकू आला नाही."

टीव्हीचा आवाज, बेल, चार हाकांना एक ओ. सगळं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि ती चूल.

मित्र मोठ्यानं हसतील, काहीतरी खवचट बोलतील, असं मला वाटलं. ते तसेच होते. पण ते बसून राहिले. त्यांनी पेढ्याचा पुडा सोडला, दोरी बोटाला गुंडाळली, परत सोडली. "बघू," म्हणाले. चहा अर्धा टाकून उठले. आमच्याकडे "बघू" याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

मी गॅलरीत गेले. हेही माझ्या मागे येऊन कठड्याला टेकून उभे राहिले. मित्र खाली रस्त्यावर पोचले, स्कूटरला लाथ मारली, ती सुरू झाली, त्यांनी ती बंद केली आणि वर बघून ओरडले, "नऊ म्हणजे नऊ. हातोडा राहू दे घरी. हात घेऊन ये."

सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. ह्यांनी मला विचारलं, "काय म्हणतोय?"

मी त्यांचं तोंड माझ्याकडे वळवून, हळूहळू, शब्द न शब्द सांगितला. ते म्हणाले, "हात घेऊन जाऊन काय करू?" तेवढ्यात स्कूटर कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

गेले ते. दसऱ्याच्या दिवशी मोकळ्या हातांनी गेले. संध्याकाळी आले तेव्हा शर्टाच्या बाह्यांना, मिशीला, सगळीकडे पांढरा खडू. मित्रानं त्यांना गाडीपाशी बसवलं होतं. पत्र्यावरून तळवा फिरवायचा, उंच कुठे, खोल कुठे ते तळव्यानं ओळखायचं आणि खडूनं खुणा करायच्या. ठोकायचं दुसऱ्यांनी. ते काम त्यांनी पुढे शेड असेपर्यंत केलं. मी विचारलं, जमतंय ना? म्हणाले, "जमतंय." आवडतंय का, हे मी विचारलं नाही. पानावर पत्र्याच्या गोष्टी पुन्हा कधी निघाल्या नाहीत. भाजी अळणी असली की आता लगेच सांगायचे.

कानाचं मशीन पुढे मुलीनं नोकरी लागल्यावर आणून दिलं. त्यातून नुसती खरखर ऐकू येते म्हणून ते कपाटात पडलं.

हातोड्याला पाणी द्यायचं राहूनच गेलं. ह्यांनी नेला नाही, मित्रानं मागितला नाही. तो माझ्या ओट्याखाली आला. नारळ, गूळ, सुंठ, काय वाट्टेल ते फोडते त्यानं. तोंडाला खड्डेच खड्डे पडलेत, पण दांडा अजून पहिल्यासारखा, जरासुद्धा हललेला नाही. माझ्या मुठीला तो जाड होतो.

मी खाली बसून नारळ ठेवते, ठोकते. हे पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असतात. कान नाहीत तरी मान वर होते. म्हणतात, फरशीतून पायाला कळतं. मग पेपर खाली न ठेवता तिथूनच म्हणतात, "अगं, शेवटाला धर. दांडा शेवटाला धरायचा असतो."

मी शेवटाला धरते.